मॅट्रिजेल: किडनीच्या पेशींसाठी कितपत कामाचं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या लॅबमध्ये पेशी थ्री-डीत वाढवतात, तिथे उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये मॅट्रिजेलची, म्हणजे पेशींना धरायला आधार देणाऱ्या जेलची, बाटली हमखास सापडते. किडनीवर काम सुरू करणारा नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "हेच मागवायचं ना?" किडनी घडताना पाहायची असेल तर जरूर मागवा. किडनी बिघडताना पाहायची असेल तर ऑर्डर टाकण्याआधी थांबा. असं का, ते बाटलीत काय भरलंय हे समजून घेतलं की आपोआप कळतं.

मॅट्रिजेल उंदरात वाढवलेल्या एका ट्यूमरमधून काढतात. एंगलब्रेथ-होल्म-स्वॉर्म या नावाचा हा सार्कोमा, लॅबच्या बोलीत नुसता ईएचएस. हा ट्यूमर स्वतःभोवती बेसमेंट मेम्ब्रेनचा, म्हणजे पेशींच्या थराखाली असणाऱ्या पातळ प्रथिन-पडद्याचा, माल ढिगाने तयार करतो. लॅमिनिन हे प्रथिन १९७९ साली याच ट्यूमरमधून वेगळं काढलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत हिंडा क्लाइनमन आणि जॉर्ज मार्टिन यांच्या गटाने त्याचा अर्क थंड असताना पातळ आणि उबेत घट्ट होतो हे दाखवलं, आणि त्यातून आजचं उत्पादन आलं. त्यात साधारण ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के कोलॅजेन-४, ८ टक्क्यांच्या आसपास एन्टॅक्टिन आणि थोडं पर्लेकॅन असतं. ही झाली मोठी नावं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने नीट मोजल्यावर १८०० हून जास्त वेगवेगळी प्रथिनं सापडली आहेत. म्हणजे हा काढा आहे, एका औषधाची गोळी नव्हे, आणि काढ्यासारखीच त्याची प्रत दर खेपेला थोडी बदलते.

यातलं लॅमिनिन कुठलं, हा किडनीवाल्यांसाठी कळीचा प्रश्न. ते आहे लॅमिनिन-१११ (हे तीन आकडे म्हणजे त्यातल्या अल्फा, बीटा आणि गॅमा साखळ्यांचे प्रकार). गर्भातली किडनी घडते तेव्हा सुरुवातीच्या सैल मेसेन्काइम पेशींभोवती कोलॅजेन-१, कोलॅजेन-३ आणि फायब्रोनेक्टिनचं जाळं असतं. युरेटेरिक बड, म्हणजे मूत्रनलिकेचा अंकुर, त्यात शिरते, पेशी तिच्या टोकाशी गोळा होतात, आणि त्यांचं नळीत रूपांतर होताना ते जुनं जाळं ओसरून त्याच्या जागी लॅमिनिन-१११ आणि कोलॅजेन-४ ची अल्फा-१, अल्फा-२ साखळी येते. पेशीला वरची बाजू कुठली आणि तळ कुठला हे इथे समजतं. उंदराच्या गर्भकिडनीच्या कल्चरमध्ये लॅमिनिनची अल्फा-१ साखळी अँटीबॉडीने अडवली तर पेशींची ही दिशाच लागत नाही, हे १९८८ पासून माहीत आहे. पेशींभोवतीचं हे प्रथिनांचं जाळं, म्हणजेच मॅट्रिक्स, हा पेशींमधली पोकळी भरणारा नुसता चिकट पदार्थ आहे अशी समजूत अजून पुष्कळांची असते, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. बडच्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये नेफ्रोनेक्टिन नावाचं प्रथिन असतं आणि मेसेन्काइमच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन अल्फा-८ बीटा-१ या पकडीच्या प्रथिनाने ते धरतात. उंदरात ही पकड तोडली तर जीडीएनएफ हा वाढीचा निरोप कमी पडतो, बड पुढे सरकत नाही, आणि बहुतेक पिल्लांमध्ये किडनीच तयार होत नाही. पेशी सगळ्या जागच्या जागी असतात, फक्त धरायला काही नसतं.

गर्भातल्या त्या टप्प्याला जे लागतं, तेच नेमकं या बाटलीत आहे. घडणाऱ्या किडनीच्या कामात मॅट्रिजेल इतकं चांगलं चालतं, ते यामुळे.

आता माल हातात येण्याची गोष्ट. डबा ड्राय आइसमध्ये येतो. मे महिन्यात सहारच्या कार्गोहून निघालेला डबा ऐरोली पुलावर संध्याकाळच्या गर्दीत सापडला, तर थर्माकोलच्या आतला ड्राय आइस झपाट्याने उडून जातो. म्हणून वितरकाला सकाळची डिलिव्हरी सांगा, आणि शुक्रवारी माल पाठवू देऊ नका. डबा उघडताच ड्राय आइसचे खडे शिल्लक आहेत का आणि बाटली दगडासारखी घट्ट आहे का, हे सही करण्याआधी पाहा. बाटलीत हलणारा द्रव दिसला तर फोटो काढून तिथल्या तिथे परत करा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये ही बाटली कधीही ठेवू नका. तो फ्रीझर ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो आणि जेल आतल्या आत गोळे धरतं. पुढे वापरताना त्यात रवाळपणा दिसला की दोष कंपनीला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा फ्रीझरचा असतो.

वितळवायचं ते रात्रभर, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, तेसुद्धा बर्फाच्या भुग्यात पुरून. फ्रिजच्या दारात नको, तिथलं तापमान प्रत्येक उघडझाकीला चढतं. जेल २२ ते ३५ अंशांत भराभर घट्ट होतं, आणि १० अंशांच्या वर गेलं की सुरुवात झालेली असते. आपल्याकडच्या लॅबचा एसी २४ वर असतो, म्हणजे टेबलावर ठेवलेली बाटली विरजण लावल्यासारखी जमायला लागते. पिपेटच्या टिपा, ट्यूब, पेशींचं पोषक माध्यम, सगळं आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये किंवा फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात थंड टिपांवर बाहेर काढताच दव धरतं. त्या पाण्याने जेल पातळ होतं, म्हणून टिपांचा डबा झाकण लावूनच बर्फात ठेवायचा आणि एकेक टिप काढायची.

वितळलेली बाटली हलक्या हाताने गोल फिरवून एकजीव करायची. व्हॉर्टेक्सवर धरू नका, बुडबुडे गेले असं वाटतं पण ते जेलमध्ये तसेच अडकून राहतात. मग २०० ते ५०० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० ला परत ठेवायचे. प्रत्येक वाट्यावर तारखेसोबत लॉट नंबर आणि प्रथिनाचं प्रमाण लिहा. हे प्रमाण लॉटप्रमाणे बदलतं, साध्या प्रकारात ते बहुधा मिलिलिटरला ८ ते १२ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं आणि लॉटच्या प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. 'एकास एक पातळ केलं' असं वहीत लिहिणाऱ्यांचे प्रयोग पुढच्या बाटलीत जुळत नाहीत, ते यामुळेच. हिशेब मिलिग्रॅममध्ये करा. लॉट ९.६ चा असेल आणि ४ मिलिग्रॅमचं १ मिलिलिटर हवं असेल तर ४१७ मायक्रोलिटर जेल आणि ५८३ मायक्रोलिटर थंडगार, सीरम नसलेलं माध्यम. मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलात तर जेल धरत नाही, नुसता चिकट थर बसतो.

रंगावरून घाबरू नका. फिक्या पिवळ्यापासून गडद लालपर्यंत काहीही दिसू शकतं. तो फेनॉल रेड (आम्लतेप्रमाणे बदलणारा रंग) आणि बायकार्बोनेटचा खेळ आहे, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये रंग सारखा होतो.

वापराचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिन्हींत पैशाचं मोल वेगवेगळं निघतं.

पहिला, स्टेम सेलच्या प्लेटवर पातळ लेप. इथे हे उत्पादन उत्तम आहे. मानवी स्टेम सेलसाठी तपासलेला वेगळा प्रकार मिळतो, त्याच्या प्रमाणपत्रावर एका वाट्याचं माप दिलेलं असतं. समजा ३०० मायक्रोलिटर, तर ते २५ मिलिलिटर थंड डीएमईएम-एफ१२ या माध्यमात, सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटला दर वेलमध्ये १ मिलिलिटर, खोलीच्या तापमानाला तासभर. एका वाट्यात चार प्लेट होतात. पॅराफिल्म लावून ४ अंशांना आठवडाभर टिकतात, फक्त थर सुकू द्यायचा नाही. सुकलेल्या कोपऱ्यात पेशी चिकटत नाहीत आणि किडनी ऑर्गनॉइडच्या, म्हणजे स्टेम सेलपासून वाढवलेल्या चिमुकल्या किडनीसारख्या रचनेच्या, कामात हे महागात पडतं. २०१५ साली ताकासातो आणि मेलिसा लिटल यांच्या गटाने दिलेल्या पद्धतीत पहिले ४ दिवस ८ मायक्रोमोलर चिर-९९०२१ (पेशींना किडनीच्या वाटेला लावणारं रसायन, पुढे नुसतं चिर), मग सातव्या दिवसापर्यंत मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम एफजीएफ-९ हा ग्रोथ फॅक्टर आणि १ मायक्रोग्रॅम हेपारिन असं चालतं. लेप विरळ असेल तर पेशींची चादर पाचव्या-सहाव्या दिवशी कडेने गुंडाळून सुटते. तेव्हा दोष चिरच्या लॉटमध्ये शोधला जातो, आणि लेपाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

याच पद्धतीत पुढे, सातव्या दिवशी सुमारे ५ लाख पेशींचा गोळा करून ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांच्या ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याच्या तळाच्या पेल्यावर) हवा आणि माध्यम यांच्या सीमेवर ठेवतात, तासभर ५ मायक्रोमोलर चिर देतात, मग पाच दिवस एफजीएफ-९ आणि पुढे काहीच नाही. इथे गोळ्याला मॅट्रिजेलमध्ये पुरायची गरज नसते. पेशी आपला मॅट्रिक्स आपण विणतात. बाटली शिल्लक आहे म्हणून वरून थर ओतणं म्हणजे माल वाया. फ्रीडमन या दुसऱ्या संशोधकाच्या ऑर्गनॉइड पद्धतीत मात्र पेशींच्या वर १.५ टक्क्याचं थंड आवरण दुसऱ्या दिवशी देतात, आणि त्या आवरणामुळेच पेशींचे आतून पोकळ गोळे तयार होतात. तिथे ते टाळता येत नाही.

दुसरा वापर, एमडीसीके पेशींचे सिस्ट, म्हणजे आतून पोकळ गोळे. कुत्र्याच्या किडनीपासून १९५८ साली काढलेली ही पेशी शिकणाऱ्यांसाठी सोन्यासारखी आहे, आणि पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेल एवढ्या खर्चात बसते. आठ कप्प्यांच्या स्लाइडवर दर कप्प्यात ४० मायक्रोलिटर जेल टिपेच्या टोकाने अलगद पसरवा, ३७ अंशांना ३० मिनिटं ठेवा. पेशी पूर्ण सुट्या करा. इथे घाई केली आणि दोन-तीन पेशींचे पुंजके राहिले तर एका सिस्टमध्ये दोन-तीन पोकळ्या निघतात. मग मिलिलिटरला १५ ते २० हजार पेशी, २ टक्के जेल मिसळलेल्या माध्यमात, दर कप्प्यात ४०० मायक्रोलिटर. चार-पाच दिवसांत मध्ये एक स्वच्छ पोकळी आणि भोवती पेशींची एक ओळ दिसली पाहिजे. एका स्लाइडला सगळं मिळून ०.४ मिलिलिटरच्या आत जेल लागतं, म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीत सांडलवंड धरूनही वीसेक स्लाइड होतात. हाच प्रयोग तरंगत्या पेशींवर करून पाहा: आत असायला हवी ती बाजू बाहेर येते. विद्यार्थ्याला मॅट्रिक्सचं महत्त्व पटवायला यापेक्षा सोपा धडा नाही. पेशी तीच, माध्यम तेच, भोवती धरायला काही नाही म्हणून अस्तर बाहेर आलेल्या सदऱ्यासारखी उलटी होते.

तिसरा वापर, ५० मायक्रोलिटरचे घुमट करून त्यात पेशी पुरणं. प्लेट आधी ३७ अंशांवर गरम करून घ्या, थेंब मध्यावर सोडा, मिनिटभराने प्लेट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये २० मिनिटं ठेवा. उलटी केली नाही तर जेल धरेपर्यंत पेशी तळाला बसतात आणि प्लॅस्टिकवर चादरीसारख्या पसरतात, मग थ्री-डी नावापुरतं राहतं. पातळ थर देताना याच्या उलट, प्लेट थंड ठेवा म्हणजे थर सारखा पसरतो. पेशी परत काढायच्या असतील तर ट्रिप्सिन ओतू नका. बर्फावर थंड रिकव्हरी द्रावण वापरा, किंवा डिस्पेज हे एन्झाइम. स्टेनिंगसाठी (रंगवण्यासाठी) फिक्स करताना धुवायचं पीबीएस, म्हणजे क्षारांचं द्रावण, कोमट ठेवा. थंड पीबीएसने घुमट विरघळतो आणि चार आठवडे वाढवलेला नमुना पिपेटमधून सिंकमध्ये जातो. फिक्स करायला नुसतं पॅराफॉर्माल्डिहाइड वापरलं तर जेल सैल पडतं, म्हणून घुमट तसाच ठेवून पाहायचा असेल तर ०.१ टक्का ग्लुटराल्डिहाइड जोडतात. त्याने पार्श्वभूमी थोडी चमकते, ते सोसावं लागतं.

इथवर मॅट्रिजेलच्या बाजूने बोललो. आजाराच्या कामाला लागलं की चित्र बदलतं, आणि इथे नवख्या लॅब सगळ्यात जास्त चुकतात.

माणसाची किडनी जन्माला येते तेव्हा लॅमिनिन-१११ चा टप्पा मागे पडलेला असतो. ग्लोमेरुलसच्या, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या, पडद्यात १११ जाऊन ५११ आणि मग ५२१ येतं. कोलॅजेन-४ ची अल्फा-१, अल्फा-२ साखळी जाऊन या गुच्छाला बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशींनी बनवलेलं अल्फा-३, ४, ५ चं मजबूत जाळं येतं. सुमारे ३०० ते ३५० नॅनोमीटर जाडीच्या या पडद्यातून रक्त आयुष्यभर गाळलं जातं. गर्भाच्या ३६ आठवड्यांच्या सुमारास नवे नेफ्रॉन (किडनीचे गाळणारे घटक) बनणं थांबतं, म्हणून हा पडदा बिघडला तर बदली मिळत नाही. अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक आजारात कोलॅजेन-४ च्या अल्फा-३, ४ किंवा ५ साखळीच्या जनुकात दोष असतो, अदलाबदल होत नाही आणि गर्भातलं जुनं जाळंच ताण सोसत राहतं. ते तग धरत नाही: लघवीत रक्त, ऐकू कमी येणं, पुढे किडनी निकामी. लॅमिनिन बीटा-२ च्या दोषाने होणारा पिअरसन सिंड्रोम तर जन्मापासूनच गंभीर असतो.

आता विचार करा, अल्पोर्टच्या पेशी मॅट्रिजेलमध्ये वाढवल्या तर काय होतं? जेलमध्ये अल्फा-१, अल्फा-२ आधीच ठासून भरलेलं आहे. म्हणजे आजारात जे चुकून मागे राहतं, ते तुम्हीच बाहेरून ओतलंय. कोलॅजेन-४ ची सरसकट अँटीबॉडी लावली तर सगळी प्लेट चमकेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. या कामात जेल वापरायचंच असेल तर फक्त अल्फा-३, अल्फा-५ किंवा लॅमिनिन बीटा-२ ला धरणाऱ्या अँटीबॉडीवर भरवसा ठेवा, कारण त्या साखळ्या जेलमध्ये नाहीत. पेशींशिवायचा जेलचा एक कप्पा दर वेळी शेजारी रंगवा. प्रोटिऑमिक्स, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या प्रथिनांची मोजदाद, करणार असाल तर उंदराचे पेप्टाइड वेगळे काढण्याची तयारी आधी करा, नाहीतर ट्यूमरची यादी किडनीची म्हणून छापली जाईल. मँचेस्टरच्या गटाने २०२२ साली किडनी ऑर्गनॉइडमध्ये बेसमेंट मेम्ब्रेन टप्प्याटप्प्याने विणला जातो आणि ही अदलाबदल सुरू होते हे दाखवलं आहे. तेव्हा असे प्रश्न शक्यतो पेशींनी स्वतः विणलेल्या पडद्यावरच विचारावेत. मधुमेहात हा पडदा जाड होतो, त्याची जाडी मोजायची असेल तरी तेच. जेलमध्ये पुरलेल्या पेशीचा पडदा कुठे संपतो आणि बाटलीतला कुठे सुरू होतो ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपलाही सांगता येत नाही.

फायब्रोसिससाठी, म्हणजे जखमेनंतर ऊतकात व्रणासारखे तंतू साचून ते घट्ट होण्याच्या अभ्यासासाठी, तर मॅट्रिजेल घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं तीन. जखमी किडनीत नळ्यांच्या मधल्या जागेत कोलॅजेन-१, कोलॅजेन-३ आणि फायब्रोनेक्टिन साचतं, आणि मॅट्रिजेलचा गाभा त्यातल्या कशाचाच नाही. दुसरं, फायब्रोसिसचा मुख्य निरोप्या टीजीएफ-बीटा जेलमध्ये आधीच असतो. ग्रोथ फॅक्टर कमी केलेला प्रकार मिळतो, पण त्यातही टीजीएफ-बीटा फारसा घटत नाही. म्हणजे 'औषध न दिलेला' तुमचा कंट्रोल कोरा नसतो. तिसरं, कडकपणा. मॅट्रिजेल साधारण ४५० पास्कलचं, लिबलिबीत. ऊतक घट्ट झालं की फायब्रोब्लास्टला (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशीला) ते जाणवतं आणि ती मायोफायब्रोब्लास्ट होते, अल्फा-स्मूथ मसल अ‍ॅक्टिनच्या दोऱ्या काढते, आणखी कोलॅजेन ओतते आणि ऊतक आणखी घट्ट होतं. हे दुष्टचक्र मॅट्रिजेलमध्ये फिरत नाही. जेल घट्ट करायला प्रमाण वाढवलं तर कडकपणासोबत लॅमिनिनही वाढतं, मग परिणाम कशाचा ते वेगळं काढता येत नाही. नुसतं प्लॅस्टिक वापरणारे दुसऱ्या टोकाला जातात, प्लॅस्टिक इतकं कडक की तिथे प्रत्येक फायब्रोब्लास्ट आजारी दिसते.

या कामाला पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे थर, म्हणजे कृत्रिम जेलचे, घरच्या घरी बनवणं परवडतं. अ‍ॅक्रिलामाइड ३ टक्के आणि त्याच्या साखळ्या जोडणारं बिस ०.१ टक्का घेतलं तर सुमारे १ किलोपास्कल, १० आणि ०.१ ला सुमारे १०, तर १० आणि ०.३ ला सुमारे ३५. वरून तिन्हींवर सारखंच कोलॅजेन-१ बांधायचं, म्हणजे बदलतो तो फक्त कडकपणा. अ‍ॅक्रिलामाइड जेल होण्याआधी विषारी असतं, हातमोजे घाला आणि तयार थर पीबीएसमध्ये दोन-तीनदा धुवा. थ्री-डी हवंच असेल तर उंदराच्या शेपटीचं कोलॅजेन-१, मिलिलिटरला १.५ ते २ मिलिग्रॅम, बर्फावर सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता मोडून. गुलाबी झालं की थांबा, जांभळटाकडे गेलं तर पेशी मरतील. नुसत्या पोडोसाइटसाठी किंवा स्टेम सेलच्या लेपासाठी रिकॉम्बिनंट (पेशींकडून जनुक घालून बनवून घेतलेलं शुद्ध) लॅमिनिन-५२१ चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम पुरतं. महाग वाटतं, पण लॉट बदलला म्हणून दोन महिन्यांचं काम टाकावं लागत नाही. शेळीची किडनी खाटकाकडून आणून, काप करून, एसडीएस या साबणासारख्या रसायनाने पेशी धुऊन उरलेली चौकट वापरणारेही आहेत. कल्पना चांगली, पण कोरड्या मिलिग्रॅमला डीएनए ५० नॅनोग्रॅमच्या खाली आलं हे मोजल्याशिवाय आणि एसडीएस पूर्ण निघेपर्यंत धुतल्याशिवाय त्यावर पेशी टाकू नयेत.

विकत घेण्याबद्दल दोनच गोष्टी. लॉटचा छोटा नमुना मागा, त्यावर एमडीसीकेचा सिस्ट किंवा ऑर्गनॉइडची एक फेरी लावून पाहा, पास झाला की वर्षभराचा माल त्याच लॉटमधून राखून ठेवायला वितरकाला लेखी कळवा. दोन लॉटमधली प्रथिनं निम्म्याच्या आसपासच जुळतात, म्हणून प्रबंधाच्या मध्यावर लॉट बदलणं टाळा. बदलावाच लागला तर जुन्याचे दोन वाटे शिल्लक ठेवून दोन्ही शेजारी शेजारी लावा. आणि ऑर्डरवर 'एलडीईव्ही-मुक्त' हे शब्द स्पष्ट लिहा; एलडीईव्ही हा उंदरांचा एक विषाणू. उंदराच्या या ट्यूमरमध्ये तो विषाणू सापडलेला आहे, आणि जिथे या पेशी पुढे उंदरात टोचायच्या आहेत तिथे प्राणिगृह हा कागद मागतंच. गेल्टरेक्स आणि कल्ट्रेक्सही त्याच ट्यूमरपासून बनतात. किमतीत फरक पडत असेल तर चाचणी लावून खुशाल घ्या, पण वर सांगितलेली आजारांबाबतची अडचण त्यांनाही तशीच लागू आहे.